बातमीपत्राची यादी : करावी कशी, सांभाळावी कशी

गावात एखादी संस्था चालवायची म्हटली की दोन वह्या हव्यातच. एक जमाखर्चाची आणि दुसरी सभासदांच्या नावांची. पहिल्या वहीवर सर्वांचा डोळा असतो. तिची दरसाल तपासणी होते, वार्षिक सभेत तिच्यावर प्रश्न विचारले जातात. दुसरी वही मात्र बहुधा चिटणिसांच्या कपाटात पडून राहते. तिच्यात वारलेल्यांची नावे असतात, गाव सोडून गेलेल्यांचे जुने पत्ते असतात आणि नव्याने आलेल्या कित्येकांची नावे नसतातच. सूचना टपालाने जात होत्या तोवर ही दुर्दशा निदान कळून यायची, कारण पाकिटे शिक्का मारून परत येत. आता हीच सूचना ई-मेलने जाते. ती पोचली नाही तरी टेबलावर पाकीट परत येऊन पडत नाही, आणि आपण समजतो की सर्वांना कळले.

आता यात बिघडले काय, असे कोणी विचारील. समजा, एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालय आहे. नवी पुस्तके, व्याख्याने, स्पर्धा परीक्षांच्या तारखा आणि शिष्यवृत्तीच्या अर्जांची मुदत यांची माहिती देणारे एक बातमीपत्र ते दरमहा ई-मेलने पाठवते. यादीत तीनशे नावे आहेत. त्यांतले ऐंशी पत्ते बंद पडलेले, आणि आणखी शंभर जणांच्या बाबतीत ते पत्र नको असलेल्या पत्रांच्या टोपलीत जाऊन पडते. ज्या मुलाच्या वडिलांना अर्जाची मुदत कळायला हवी होती, ते नेमके या एकशेऐंशीत असले तर? पत्र पाठवल्याचे समाधान वाचनालयाला मिळाले, पण त्या मुलाचे वर्ष गेले. म्हणून यादी ठेवणे हे कारकुनी काम असले तरी हलके काम नव्हे.

कोणी म्हणेल, अहो, हे सगळे वॉट्सॲपच्या गटावर होतेच की! होते, आणि तातडीच्या निरोपाला ते साधन चांगलेही आहे. पण गटात नाव घातले की त्या माणसाचा फोन नंबर गटातल्या बाकीच्यांच्या हाती जातो. शिवाय सकाळच्या शुभेच्छांच्या लोंढ्याखाली कामाची सूचना दुपारपर्यंत बुडून जाते. ई-मेलचे पत्र ज्याच्या त्याच्या पेटीत स्वतंत्रपणे येते, तिथे राहते आणि सहा महिन्यांनी शोधले तरी सापडते. तेव्हा दोन्ही साधने ठेवावीत, पण कोणते कशासाठी, हे आधी ठरवावे.

एका संगणकावरून दुसऱ्या संगणकाकडे पत्र पाठवण्याची युक्ती अमेरिकेतल्या रे टॉमलिन्सन या अभियंत्याने १९७१ साली करून दाखवली. माणसाचे नाव आणि त्याच्या यंत्राचे नाव यांच्यामध्ये ‘ॲट’चे वाटोळे चिन्ह घालण्याची पद्धतही त्याचीच. पुढे अवघ्या सात वर्षांत तिचा गैरवापर झाला. मे १९७८ मध्ये एका संगणक कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याने आपल्या नव्या यंत्राची जाहिरात सुमारे चारशे जणांना एकदम पाठवली. त्यांचे पत्ते त्याला कोणी दिले नव्हते. ते त्या जाळ्याच्या छापील निर्देशिकेतून उतरवून घेतले होते. पत्ते इतके झाले की वरच्या रकान्यात मावेनात, आणि उरलेले पत्राच्या मजकुरातच घुसले. पुष्कळांनी तक्रारी केल्या, आणि जाळ्याची देखरेख करणाऱ्या लष्करी कचेरीने हा नियमभंग असल्याचे कळवले. न मागितलेल्या पत्रांचा जो उपद्रव आज आपण सोसतो, त्यातला हा पहिला प्रसंग मानला जातो. ध्यानात घ्या, चूक जाहिरात करण्यात नव्हती. विचारल्याशिवाय नाव यादीत घालण्यात होती.

याच्या उलट बाजूची गोष्ट १९८६ सालची. पॅरिसमधल्या एरिक तोमा नावाच्या एका विद्यार्थ्याने ‘लिस्टसर्व्ह’ नावाची आज्ञावली लिहिली. तोपर्यंत यादीत नाव घालणे आणि काढणे हे काम कोणीतरी हाताने करत बसायचे. या आज्ञावलीने ती किल्ली वाचकाच्याच हाती दिली. नाव घालायचे असेल तर एका ओळीचे पत्र पाठवा, काढायचे असेल तर दुसऱ्या ओळीचे. मधे कोणाची परवानगी नको, कोणाची भीड नको. आज बातमीपत्राच्या तळाशी ‘नाव कमी करा’ अशी जी ओळ असते, तिच्यामागे हाच विचार आहे. ज्याचा पत्ता, त्याचा हक्क. आपल्यापाशी ती ठेव म्हणून आहे, इतकेच.

आता प्रत्यक्ष कामाला लागू. पहिली पायरी नावनोंदणीची. वाचनालयाच्या टेबलावर एक वही ठेवा, किंवा शाळांतून सर्वांच्या ओळखीचा झालेला गूगल फॉर्म करा, दोन्ही चालते. विचारायचे काय? नाव आणि ई-मेलचा पत्ता, एवढेच. फार तर गाव. जन्मतारीख, आधार क्रमांक, उत्पन्न यांचा बातमीपत्राशी काय संबंध? जे लागत नाही ते मागू नये. कारण जे मागितले ते सांभाळण्याची जबाबदारी आपल्यावर येते. फॉर्मवर सरळ मराठीत दोन वाक्ये असावीत : “वाचनालयाचे बातमीपत्र मला महिन्यातून एकदा ई-मेलने पाठवावे. मी ते केव्हाही बंद करू शकतो.” त्याच्यापुढे एक रिकामा चौकोन ठेवावा, आणि खूण ज्याची त्याने करावी. चौकोनात आधीच खूण करून ठेवणे म्हणजे कोऱ्या कागदावर दुसऱ्याचा अंगठा उठवण्यासारखे आहे.

पत्ता लिहून घेताना फार जपावे लागते. टपालाच्या पत्त्यात थोडी चूक असली तरी पोस्टमन सांभाळून घेतो. ‘मारुतीच्या देवळामागे’ एवढ्यावरही पत्र पोचल्याची उदाहरणे आपल्या प्रत्येकाला ठाऊक आहेत. तरीसुद्धा एकाच नावाची अनेक गावे आणि निरनिराळ्या लिप्यांतले पत्ते यांमुळे घोटाळा होई. म्हणून १५ ऑगस्ट १९७२ पासून आपल्या देशात सहा आकडी पिनकोड सुरू झाला. टपालखात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांची ती कल्पना. पिनकोडचा एखादा आकडा चुकला तरी गावाचे नाव पाहून पत्र वाटेला लावता येते. ई-मेलच्या पत्त्याला मात्र असा कोणी वाली नाही. एक अक्षर चुकले की पत्र परत तरी येते, नाहीतर भलत्याच माणसाला जाते.

त्यातून आपली नावे मराठी आणि पत्ते रोमन अक्षरांत. ‘विठ्ठल’ हे नाव चार जण चार तऱ्हांनी लिहितील. कोणी ‘व्ही’ने सुरू करील, कोणी ‘डब्ल्यू’ने, कोणी एक ‘टी’ घालील, कोणी दोन. फोनवर ऐकून पत्ता लिहिला तर ‘बी’, ‘डी’, ‘पी’ आणि ‘टी’ सारखेच वाटतात. म्हणून पत्ता शक्यतो ज्याचा त्याच्याकडूनच लिहून घ्यावा. वहीत लिहिला असेल तर समोरच मोठ्याने एकेक अक्षर वाचून दाखवावे. शिक्षकांना हे सांगायला नको. शुद्धलेखन तपासण्याची सवय त्यांना आहेच.

दुसरी पायरी खातरजमेची. नाव आले की लगेच यादीत घालू नये. त्या पत्त्यावर एक छोटे पत्र पाठवावे : “आमच्या बातमीपत्रासाठी हा पत्ता नोंदवला गेला आहे. तो आपणच नोंदवला असेल, तर खालील दुव्यावर बोट ठेवा. नसेल, तर काही करू नका.” हाताने काम करणाऱ्यांनी “उत्तरात ‘होय’ लिहा” असे सांगावे. होकार आला तरच नाव पक्के. याने दोन कामे होतात. पत्ता बरोबर आहे याची खात्री पटते, आणि एकाने दुसऱ्याचे नाव थट्टेने किंवा खोडसाळपणे घातले असेल तर ते तिथेच गळते. होय, काही लोक हे उत्तर देण्याचा कंटाळा करतील आणि आपली यादी थोडी लहान राहील. राहू द्या. जे राहतील ते खरे वाचक.

प्रत्येक नावापुढे होकाराची तारीख आणि तो कसा मिळाला, हे लिहून ठेवावे. उद्या कोणी विचारले, “माझा पत्ता तुम्हाला दिला कोणी?” तर वही उघडून दाखवता आली पाहिजे. हा आता केवळ सभ्यतेचा प्रश्न राहिलेला नाही. आपल्या देशात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाच्या आहेत. त्यातल्या तीन गोष्टी आपण लक्षात ठेवाव्यात. संमतीची विनंती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत, म्हणजे आपल्याला मराठीतही, वाचायला मिळण्याची सोय असली पाहिजे. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती काढून घेणे सोपे असले पाहिजे. आणि अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरायची तर त्याच्या आईवडिलांची किंवा पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. म्हणून शाळेच्या बातमीपत्राच्या यादीत मुलांचे पत्ते न घेता पालकांचे घ्यावेत, हे बरे.

तिसरी पायरी पाठवण्याची. इथे सर्वांत जास्त घोटाळा होतो तो एका साध्या गोष्टीने. तीनशे पत्ते वरच्या ‘प्रति’च्या रकान्यात लिहून पत्र सोडले, की तीनशे जणांचे पत्ते तीनशे जणांना दिसतात. एकाने उत्तर दिले आणि ते चुकून सर्वांना गेले, तर दिवसभर सर्वांच्या पेट्या भरत राहतात. यावर उपाय म्हणजे ‘बीसीसी’चा रकाना. टंकलेखन यंत्राच्या काळात कार्बनचा कागद घालून नक्कल काढत, आणि नक्कल कोणाकोणाला दिली ते खाली लिहीत. तीच ‘सीसी’. ज्याचे नाव इतरांना कळू द्यायचे नाही अशी नक्कल, ती ‘बीसीसी’. हाताने पत्रे पाठवायची तर पत्ते नेहमी याच रकान्यात घालावेत आणि ‘प्रति’मध्ये आपलाच पत्ता ठेवावा.

पण ही पद्धत पन्नासएक नावांपर्यंत ठीक. जीमेलच्या साध्या खात्यातून दिवसाला पाचशेच्या वर पत्ते चालत नाहीत. शिवाय नाव घालण्या-काढण्याची नोंद हाताने ठेवताना विसर पडतो. यादी शंभराच्या पुढे गेली की बातमीपत्रासाठीच असलेल्या सेवेचा आधार घ्यावा. लहान याद्यांसाठी काही सेवा विनामूल्य असतात, मात्र त्यांच्या अटी वेळोवेळी बदलतात. त्या वाचून मगच निवड करावी. खातरजमेचे पत्र पाठवणे, नाव कमी करण्याची ओळ घालणे, परत आलेले पत्ते टिपणे ही कामे मग यंत्रच करते.

सेवेमार्फत पाठवताना प्रेषक म्हणून जीमेलचा पत्ता देऊ नये. याचे कारण समजून घ्या. कोणीही उठून दुसऱ्याच्या नावाने पत्र पाठवू नये यासाठी आता तीन प्रकारची तपासणी होते. पहिलीचे नाव ‘एसपीएफ’. आपल्या नावाने पत्रे सोडण्याचा अधिकार कोणत्या यंत्रांना आहे, त्याची ही जाहीर यादी. दुसरी ‘डीकेआयएम’. ही लाखेच्या मोहरेसारखी आहे. वाटेत मजकूर बदलला असेल तर मोहोर फुटलेली दिसते. तिसरी ‘डीमार्क’. पहिल्या दोहोंत पत्र उतरले नाही तर त्याचे काय करावे, याची घराच्या मालकाने दिलेली सूचना म्हणजे ही. जीमेलचे घर गूगलचे. दुसऱ्या सेवेने त्या घराच्या नावाने पत्र आणले तर पहारेकरी ते अडवणारच. म्हणून संस्थेने दरसाल थोडी फी भरून आपले स्वतःचे नाव नोंदवावे, आणि जाणकाराकडून या तीन नोंदी एकदाच करून घ्याव्यात. माहीतगार माणसाला हे एका बैठकीचे काम आहे.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू या दोन्ही कंपन्यांनी याबाबत नियम कडक केले आहेत. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला पाच हजारांच्या आसपास पत्रे पाठवणाऱ्यांना या तिन्ही नोंदी सक्तीच्या आहेत. त्यांच्या जाहिरात-बातमीपत्रांत एका दाबाने नाव कमी करण्याची सोय हवी, आणि ती विनंती दोन दिवसांत अमलात यावी. आपण काही पाच हजार पत्रे पाठवत नाही. पण एक नियम लहानमोठ्या सर्वांना आहे : ‘हे पत्र नको’ अशी तक्रार करणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ०.३च्या खाली राहिले पाहिजे. म्हणजे हजारात तीनसुद्धा नव्हेत. आपल्या तीनशेंच्या यादीत एकाने तक्रार केली तरी ही मर्यादा ओलांडली जाते!

आणि तक्रार करतो कोण? बहुधा तो, ज्याला बाहेर पडायचे आहे पण दार सापडत नाही. म्हणून बाहेरचे दार झाकून ठेवण्यात शहाणपणा नाही. वाचक गेला तर एकच वाचक गेला. त्याने रागाने तक्रारीचे बटण दाबले, तर बाकीच्या दोनशे नव्याण्णव जणांची पत्रेही टोपलीत जाऊ लागतील. तेव्हा प्रत्येक पत्राच्या शेवटी ठळक अक्षरांत लिहावे : ‘हे बातमीपत्र नको असल्यास येथे कळवा.’ कळवले की त्याच दिवशी नाव काढावे. का सोडता, असे खोदून विचारू नये. आणि पुढच्या वर्षी कोणीतरी जुनी यादी सापडली म्हणून तेच नाव पुन्हा घालू नये. यासाठी गेलेल्यांची एक वेगळी नोंद ठेवावी लागते.

चौथी पायरी निगराणीची. परत येणारी पत्रे दोन प्रकारची असतात. ‘असा पत्ताच नाही’ असे उत्तर आले, तर नाव लगेच काढावे. तिथे पुन्हापुन्हा पत्र पाठवणाऱ्याची पत कमी होते. ‘पेटी भरली आहे’ असे उत्तर आले, तर दोनतीन अंक वाट पाहावी. गूगलच्या मोफत खात्यात पत्रे, छायाचित्रे आणि कागद मिळून पंधरा जीबी जागा असते. ती फोटोंनी भरली की पत्रे येणे थांबते. शिवाय दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्यास त्या कंपनीने डिसेंबर २०२३ पासून सुरुवात केली. खेड्यात पुष्कळांचा पत्ता नवा फोन घेताना दुकानदाराने काढून दिलेला असतो, आणि परवलीचा शब्द कोणालाच आठवत नाही. असे पत्ते हळूहळू मरत जातात. म्हणून वर्षातून एकदा सर्वांना विचारावे : “बातमीपत्र मिळते ना? हवे ना?”

किती जणांनी पत्र उघडले याचा आकडा सेवा देते. त्यावर फार विसंबू नये. पत्रात दडवलेल्या एका बारीक चित्रावरून तो मोजतात, आणि २०२१ पासून ॲपलच्या फोनमध्ये अशी चित्रे वाचकाने पत्र न उघडताही आधीच मागवून घेण्याची सोय आहे. त्यापेक्षा वाचनालयात येऊन “तुमच्या पत्रात वाचले” असे किती जण म्हणतात, हा हिशेब अधिक खरा.

आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. अशी यादी बहुधा एखादा उत्साही शिक्षक आपल्या स्वतःच्या खात्यात ठेवतो. मग त्याची बदली होते, आणि त्याच्याबरोबर यादीही जाते. तेव्हा खाते संस्थेच्या नावाचे असावे, त्याची किल्ली दोन जबाबदार माणसांकडे असावी आणि पदाधिकारी बदलले की परवलीचा शब्द बदलावा. यादी कोणाला विकू नये, हे सांगायला नकोच. पण ओळखीच्या उमेदवाराला, क्लासवाल्याला किंवा बियाण्यांच्या दुकानदाराला ‘जरा नक्कल द्या की’ म्हणून मागितली तरीही देऊ नये. भिडेपोटी दिलेली यादीही यादीवरच्या माणसांना विचारून दिलेली नसते.

आता हे एवढे सगळे करायचे, तर माणूस लागेल, वेळ लागेल. पण फार नव्हे. महिन्याकाठी दोन तास पुरतात. पत्र लहान असावे, त्याचा विषय स्पष्ट मराठीत असावा, ‘महत्त्वाचे’ एवढेच नव्हे तर ‘शिष्यवृत्ती अर्जाची मुदत’ असा. ठरलेल्या तारखेला ते यावे. सांगण्यासारखे काही नसेल त्या महिन्यात न पाठवले तरी चालेल.

शेवटी एक सूचना करतो. वार्षिक सभेत जमाखर्चाच्या वहीबरोबर या दुसऱ्या वहीचाही हिशेब वाचून दाखवावा : नवी नावे किती आली, किती जण स्वतःहून गेले, किती पत्ते बंद पडले आणि आज यादीत होकार दिलेले वाचक किती आहेत. चार आकड्यांचे काम आहे. पहिल्या वर्षी आकडे लहान निघतील, कदाचित तीनशेचे नव्वद होतील. ते तसेच वाचावेत. त्या नव्वद घरांत आपले पत्र पोचते, एवढे तरी आपल्याला त्या दिवसापासून ठाऊक असेल.